कर्नल नवा, मॉड्यूल मात्र सापडेना : वाचकांचे प्रश्न

या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सोर्समधून पुन्हा कंपाइल केला, पण त्यानंतर कुणाचा काटा दिसेना, कुणाचे वाय-फाय गेले, तर कुणाचे यंत्र सुरूच होईना. उत्तरे वाचताना एक गोष्ट मनात पक्की असू द्या. कर्नल स्वतः /बूटमध्ये राहतो, त्याची मॉड्यूल (लागेल तेव्हा त्याला जोडले जाणारे, ड्रायव्हरसारखे तुकडे) /लिब/मॉड्यूल्समध्ये त्याच कर्नलच्या नावाच्या फोल्डरात राहतात आणि सुरुवातीला लागणाऱ्या मॉड्यूलची एक गाठोडी इनिटरॅमएफएसमध्ये बांधलेली असते. ही तिन्ही एकाच बिल्डमधली हवीत. खालच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत यांपैकी एक दुसऱ्या बिल्डचे निघाले आहे.

कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. चिन्हे आहेत तशीच ठेवावीत. ‘कॉन्फिग_’ने सुरू होणारी नावे मात्र मोठ्या अक्षरांत असतात.

प्रश्न : काजूच्या हंगामात दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा संगणकाला जोडतो. काट्याची सिरियल वायर यूएसबी कन्व्हर्टरमधून जाते, त्यात सीएच३४० चिप आहे. डिसेंबरात ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरून ६.१२ कर्नल तयार केला, सगळे छान चालले. आता काटा लावला तर संगणकाला पत्ताच नाही. ‘मॉडप्रोब सीएच३४१’ दिल्यावर मॉड्यूल सापडत नाही असे म्हणतो. जुन्या कर्नलच्या फोल्डरातून सीएच३४१.केओ आणून ‘इन्समॉड’ने घातले, तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’.
— काजू व्यापारी, वाळपई

उत्तर : ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी ‘एलएसमॉड’मध्ये, म्हणजे चढलेल्या मॉड्यूलच्या यादीत, जे दिसते तेवढेच ठेवतो आणि बाकीची मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकतो. डिसेंबरात काटा कपाटात होता, म्हणून त्याचा ड्रायव्हर तयारच झाला नाही. मॉड्यूल शोधून चढवणारा मॉडप्रोब खरे तेच सांगतो आहे.

जुनी फाइल आणून घालण्याचा उपाय का फसला, तेही पाहा. प्रत्येक मॉड्यूलमध्ये ‘व्हरमॅजिक’ नावाची एक ओळ कोरलेली असते. तिच्यात कर्नलचे पूर्ण नाव, एसएमपी, प्रीएम्प्ट, मॉड_अनलोड अशा खुणा असतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक’पुढे फाइलचे नाव दिले की ती वाचता येते (इथला ‘एफ’ मोठ्या अक्षरात). चालू कर्नलची ओळ आणि ही ओळ जुळली नाही की कर्नल मॉड्यूल नाकारतो. पडद्यावर फक्त ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ येते; खरे कारण ‘सुडो डीमेसग’च्या, म्हणजे कर्नलच्या निरोपांच्या नोंदीच्या, शेवटच्या दोन-चार ओळींत सापडते. मॉड्यूलची कोणतीही तक्रार असो, आधी तिथे पाहायचे.

समजा ओळ जुळली असती, तरी काम झाले नसते. ‘इन्समॉड’ दिलेली एकच फाइल घालतो, तिला लागणारी दुसरी शोधत नाही. सीएच३४१ला यूएसबीसिरियल हे मॉड्यूल लागते. ते नसेल तर डीमेसगमध्ये ‘अननोन सिम्बॉल यूएसबी_सिरियल_जेनेरिक_ओपन’ अशी ओळ येते. हे नाते मॉड्यूल्स.डेप या फाइलमध्ये असे लिहिलेले असते:

कर्नल/ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल/सीएच३४१.केओ: कर्नल/ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल/यूएसबीसिरियल.केओ

विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांच्या डावीकडे जे आहे त्याला उजवीकडचे आधी हवे. ही फाइल ‘डेपमॉड’ तयार करतो, ‘मॉडप्रोब’ वाचतो. ‘मॉडप्रोब --शो-डिपेंड्स सीएच३४१’ दिले तर काहीही लोड न करता, कोणती फाइल कोणत्या क्रमाने घातली जाईल ते छापून दाखवतो.

आता दुरुस्ती. कर्नल ज्या सोर्स फोल्डरात बांधला तो तसाच असेल आणि कंपायलर बदलला नसेल, तर पहिल्यापासून बांधायची गरज नाही. त्या फोल्डरात ‘मेक मेन्युकॉन्फिग’ द्या. डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग यूएसबी सपोर्ट, मग यूएसबी सिरियल कन्व्हर्टर सपोर्ट इथे ‘एम’ (म्हणजे वेगळे मॉड्यूल) करा. आत शिरून विंचिपहेड सीएच३४१ या ओळीलाही ‘एम’. दुसरे काही बदलू नका. मग ‘मेक -एस कर्नलरिलीज’ आणि ‘यूनेम -आर’ या दोन्हींचे उत्तर अक्षरशः एकच येते का पाहा. येत असेल तर ‘मेक -जे४ मॉड्यूल्स’, त्यानंतर ‘सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’. शेवटी तो डेपमॉड स्वतःच चालवतो. आता ‘सुडो मॉडप्रोब सीएच३४१’ द्या आणि काटा लावा. डीमेसगमध्ये कन्व्हर्टर ‘टीटीवाययूएसबी०’ला जोडला गेल्याची ओळ आली की झाले. वजन वाचणाऱ्या प्रोग्रामला परवानगी नाकारली गेली, तर डेबियन-उबुंटूवर तुमचे खाते ‘डायलआउट’ गटात घालावे लागते.

एक अडचण मॉड्यूलची नसून तशी भासते. उबुंटू २२.०४वर कन्व्हर्टर जोडला जातो आणि लगेच सुटतो, डीमेसगमध्ये ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसते. तो अंधांसाठीच्या ब्रेल पट्ट्यांचा प्रोग्राम आहे. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असल्यामुळे तो तुमचा काटा आपला समजून धरतो. ब्रेल पट्टी वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

पुढच्या खेपेस लोकलमॉडकॉन्फिग देण्यापूर्वी काटा, प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, मोबाइलची वायर, जे जे वर्षभरात लागते ते एकेकदा लावून घ्या. पेन ड्राइव्ह नुसता लावू नका, उघडूनही पाहा. फॅट फाइलसिस्टिमला ‘एनएलएस_सीपी४३७’ आणि ‘एनएलएस_आयएसओ८८५९-१’ ही अक्षरतक्त्यांची मॉड्यूल लागतात, ती ड्राइव्ह माउंट होतानाच चढतात. ती राहिली तर माउंट ‘राँग एफएस टाइप’ म्हणतो आणि माणूस बिचारा ड्राइव्ह बिघडला समजून फॉरमॅट करतो. खरे कारण डीमेसगमध्ये असते: ‘कोडपेज सीपी४३७ नॉट फाउंड’. सगळे लावणे जमत नसेल तर ‘मेक एलएमसी_कीप="ड्रायव्हर्स/यूएसबी:एफएस" लोकलमॉडकॉन्फिग’ असे द्यावे, म्हणजे त्या दोन फोल्डरांतल्या मॉड्यूलना कात्री लागत नाही. (एलएमसी_कीप हे मोठ्या अक्षरांत.)

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत बारा संगणक आहेत. एकावर कर्नलचे दोन-तीन पर्याय बदलून पुन्हा कंपाइल केले आणि ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ केले. वर्ग चालू असल्याने रीबूट केले नाही. त्यानंतर कोणतेही नवे यंत्र जोडले की डीमेसगमध्ये ‘डिसअग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल मॉड्यूल_लेआउट’ येते. ‘डेपमॉड -ए’ अनेकदा देऊन पाहिले.
— संगणक शिक्षिका, डिचोली

उत्तर : बाई, डेपमॉडचा इथे काही उपयोग नाही. तो फक्त यादी करतो: कुणाला कोण हवे. फाइलीच दुसऱ्या बिल्डच्या असतील तर यादी कितीही वेळा केली तरी फाइली त्याच राहतात.

झाले असे की नव्या बिल्डचे नाव जुन्यासारखेच होते, त्यामुळे नवी मॉड्यूल जुन्यांच्या अंगावर लिहिली गेली. स्मृतीत चालू असलेला कर्नल मात्र जुनाच आहे. ‘कॉन्फिग_मॉडव्हर्जन्स’ चालू असताना कर्नल मॉड्यूलना वापरायला देत असलेल्या प्रत्येक सिम्बॉलला (फंक्शनच्या नावाला) एक सीआरसी हा पडताळणीचा आकडा मिळतो. त्या फंक्शनच्या व्याख्येवरून आणि त्यात वापरलेल्या स्ट्रक्चरांवरून (माहितीच्या साच्यांवरून) तो काढतात. एखादा पर्याय बदलल्याने स्ट्रक्चरमध्ये एक क्षेत्र वाढले की आकडा बदलतो. मॉड्यूल_लेआउट हे फंक्शन काही काम करत नाही. मॉड्यूल लोड करण्याच्या मुळाशी असलेली स्ट्रक्चर एकत्र तपासता यावीत एवढ्यासाठीच ते ठेवलेले आहे. ते सर्वांत आधी तपासले जाते, म्हणून प्रत्येक वेळी त्याचेच नाव समोर येते. त्या फंक्शनमध्ये दोष शोधत बसू नका.

आत्ताचा उपाय: ‘सुडो मेक इन्स्टॉल’ द्या आणि वर्ग सुटल्यावर रीबूट करा. नवा कर्नल आणि नवी मॉड्यूल जुळतील.

इंटरनेटवर ‘मॉडप्रोब --फोर्स’चा सल्ला सर्रास मिळतो. तो कधीही मानू नका, विशेषतः मुलांच्या फाइली असलेल्या यंत्रावर. फोर्स म्हणजे व्हरमॅजिक आणि सीआरसी या दोन्ही तपासण्या बाजूला सारणे. मॉड्यूलला वाटते एक क्षेत्र अमुक बाइटवर आहे, कर्नलच्या लेखी तिथे दुसरेच काही असते. मॉड्यूल तिथे लिहिते. यंत्र लगेच बंद पडले तर नशीब. न पडता डिस्कवर चुकीचा मजकूर गेला तर तो दिवसांनी कळतो.

कायमचा उपाय प्रत्येक बिल्डला वेगळे नाव देण्याचा. मेन्युकॉन्फिगमध्ये जनरल सेटअपखाली ‘लोकल व्हर्जन’ आहे; तिथे ‘-लॅब१’, पुढच्या वेळी ‘-लॅब२’ असे रोमन अक्षरांत लिहा. म्हणजे /लिब/मॉड्यूल्समध्ये वेगळा फोल्डर होतो आणि जुना कर्नल ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत धडधाकट राहतो. नावाच्या शेवटी कधी आपोआप ‘+’ चिकटतो. सोर्स गिटमधून घेतला असून टॅगच्या नेमक्या जागेवर नसला की तसे होते. ‘लोकल व्हर्जन’ आपोआप जोडण्याचा पर्याय चालू असेल तर गिटचा सांकेतिक क्रमांकही लागतो. एका ‘+’ने नाव वेगळे, फोल्डर वेगळा, आणि मग मॉडप्रोबला मॉड्यूल्स.डेप सापडत नाही. म्हणून इन्स्टॉलपूर्वी ‘मेक -एस कर्नलरिलीज’ पाहण्याची सवय लावा.

बारा यंत्रांवर बारा वेळा कंपाइल करू नका. डेबियन घराण्यातली प्रणाली असेल तर एका यंत्रावर ‘मेक -जे४ बाइंडेब-पीकेजी’ द्या. सोर्स फोल्डराच्या बाहेरच्या फोल्डरात इमेज (खुद्द कर्नल) आणि हेडर्स (बाहेरची मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या व्याख्या) यांच्या .डेब फाइली तयार होतात. त्या इतर यंत्रांवर ‘डीपीकेजी -आय’ने बसवल्या की डेपमॉड, इनिटरॅमएफएस, ग्रब सगळे क्रमाने होते आणि काढायचा झाला तर कर्नल मॉड्यूलसकट निघतो.

प्रश्न : छापखान्यातल्या संगणकावर नवा कर्नल बसवला. सुरू होताना ‘गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टिम डिव्हाइस’ असे येऊन ‘(इनिटरॅमएफएस)’ या प्रॉम्प्टवर थांबतो. डिस्क एनव्हीएमई आहे. चतुर्थीपूर्वीची पत्रिका-आरतीपुस्तकांची कामे अडली आहेत.
— फोंडा

उत्तर : आधी कामे सुरू करा. यंत्र बंद करून चालू करताना शिफ्ट (यूईएफआय असेल तर एस्केप) दाबून ग्रब आणा, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. डिस्कवरच्या मजकुराला काही झालेले नाही.

सवड मिळाल्यावर एकदा नव्या कर्नलने पुन्हा त्या प्रॉम्प्टवर जा आणि ‘एलएस /डेव्ह/एनव्हीएमई*’ द्या. काहीच दिसले नाही तर डिस्कचा ड्रायव्हर चढलेला नाही. डिस्क दिसते पण तिच्यावरचा रूट विभाग सापडत नाही, असे असेल तर एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शनची मॉड्यूल, म्हणजे डीएम_मॉड, डीएम_क्रिप्ट, राहिली असावीत. ‘कॅट /प्रॉक/मॉड्यूल्स’ने काय चढले ते कळते.

जुन्या कर्नलमध्ये परतून गाठोडी तपासा: ‘एलएसइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी.इमेज-(नव्या कर्नलचे नाव) | ग्रेप एनव्हीएमई’. (फाइलच्या नावात ‘इमेज’ऐवजी त्याचे तीन अक्षरी रोमन संक्षिप्त रूप असते, टॅब दाबून पूर्ण करून घ्या.) काही निघाले नाही, पण /लिब/मॉड्यूल्समधल्या नव्या फोल्डरात एनव्हीएमई.केओ आहे, तर गाठोडी मॉड्यूल बसण्याआधीच बांधली गेली. ‘मेक इन्स्टॉल’ आधी आणि ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ नंतर दिले की नेमके हेच होते. क्रम उलटा हवा: आधी मॉड्यूल, मग कर्नल. आता ‘सुडो डेपमॉड -ए (नाव)’ आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के (नाव)’ द्या. गाठोडी आधीच असल्याची तक्रार केली तर -सीच्या जागी -यू. नाव लिहायला विसरू नका. डेपमॉडला नाव दिले नाही तर तो चालू असलेल्या, म्हणजे जुन्या कर्नलचीच यादी करतो. फेडोरावर हेच काम ‘ड्रेकट’ करतो, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ’.

गाठोडी अर्धवट बांधली जाण्याचे दुसरे कारण म्हणजे भरलेले /बूट. ‘डीएफ -एच /बूट’ पाहा. वितरणाचा कॉन्फिग उचलून कंपाइल केला की डीबगची माहिती चालू असते आणि मॉड्यूल अवाढव्य होतात. ‘सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ दिले तर ती माहिती कापून मॉड्यूल बसतात आणि गाठोडी कितीतरी लहान होते. (‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ मोठ्या अक्षरांत.)

आमचे स्पष्ट मत असे की स्वतःच्या एकाच यंत्रासाठी कर्नल बांधताना रूट डिस्कचा ड्रायव्हर आणि रूटची फाइलसिस्टिम ‘एम’ न करता ‘वाय’ करावीत. ती कर्नलच्या पोटातच गेली की गाठोडीत काय राहिले याची चिंता उरत नाही. जुन्या कर्नलमध्ये एक्स्ट४ला मॉड्यूल ठेवले की आणखी एक फास बसायचा: ‘कॅनॉट लोड सीआरसी३२सी ड्रायव्हर’. हे अवलंबित्व सिम्बॉलमधून येत नाही, म्हणून ते मॉड्यूल्स.डेपमध्ये नसते, ते मॉड्यूल्स.सॉफ्टडेपमध्ये असते. नुसते मॉड्यूल्स.डेप वाचून फाइली हाताने गोळा करणारे तिथेच अडकतात.

प्रश्न : जूनच्या पहिल्या पावसात ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ चालू असताना वीज गेली. आता मॉडप्रोब म्हणतो मॉड्यूल्स.डेप.बिन उघडता येत नाही. डेपमॉड दिल्यावरही काही मॉड्यूल चढत नाहीत.
— पेडणे

उत्तर : डेपमॉड सर्वांत शेवटी चालतो, तिथवर पोचायच्या आत वीज गेली, म्हणून यादी नाही. शिवाय त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइली रिकाम्या राहिल्या असणार. ‘फाइंड /लिब/मॉड्यूल्स/(नाव) -टाइप एफ -साइज ०’ने त्या दिसतील. एकेक दुरुस्त करत बसू नका. जुन्या कर्नलने सुरू करा, ‘यूनेम -आर’ने आपण जुन्यातच आहोत याची खात्री करा, अर्धवट फोल्डर पूर्ण काढा आणि ‘मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ पुन्हा द्या. मग इनिटरॅमएफएस नव्याने बांधा, कारण रिकामी फाइल तिथेही गेलेली असू शकते. वीज कंपाइल चालू असतानाच गेली असेल तर सोर्स फोल्डरातल्या रिकाम्या .ओ फाइलीही शोधून काढून टाका. मेकला त्या ताज्या वाटतात.

प्रश्न : लॅपटॉपवर ब्रॉडकॉमचे वाय-फाय आहे, ‘डब्ल्यूएल’ मॉड्यूल डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी बांधून देणाऱ्या प्रोग्रामने) बसते. स्वतः बांधलेल्या कर्नलवर ते बसत नाही. हेडर्स सापडत नाहीत म्हणतो. जागा कमी म्हणून कर्नलचा सोर्स मी काढून टाकला होता.
— मडगाव

उत्तर : तेच कारण. /लिब/मॉड्यूल्स/(नाव)/बिल्ड ही खरी फाइल नसून सोर्स फोल्डराकडे बोट दाखवणारा दुवा आहे. फोल्डर गेला, दुवा आंधळा झाला. सोर्स पुन्हा आणून ‘मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर’ करावे असे सुचवले जाते, पण त्याने मॉड्यूल.सिमव्हर्स ही सीआरसींची फाइल तयार होत नाही. मॉडव्हर्जन्स चालू असेल तर पूर्ण बिल्डच लागते. तेव्हा त्याच कॉन्फिगने, नवे नाव देऊन, वर सांगितलेल्या ‘बाइंडेब-पीकेजी’ने बांधा आणि हेडर्सची .डेब बसवा. त्यानंतर सोर्स काढला तरी चालतो. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के (नाव)’ आणि ‘डीकेएमएस स्टेटस’.

बिल्डच अडली तर /व्हार/लिब/डीकेएमएसखाली त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरातली मेक.लॉग वाचा, पहिली ‘एरर’ महत्त्वाची. फंक्शनचे नाव सापडत नाही किंवा त्याला दिलेले घटक जुळत नाहीत असे असेल, तर ड्रायव्हर अजून या कर्नलसाठी सुधारलेला नाही. तिथे डेपमॉड, मॉडप्रोब काहीही करू शकत नाही. ६.१२सारखी दीर्घ मुदतीची मालिका धरून राहणे बरे. बिल्ड झाली पण लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आले, तर सिक्युअर बूट (ओळखीच्या किल्लीने सही केलेलेच मॉड्यूल स्वीकारणारी सोय) चालू आहे. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ने खात्री करा, /व्हार/लिब/डीकेएमएसमधली मॉक.पब ही किल्ली ‘सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट’ने नोंदवा. त्या वेळी दिलेला पासवर्ड लक्षात ठेवा. रीबूट होताना निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच द्यायचा असतो. तो पडदा थोडा वेळच थांबतो. चुकला तर इम्पोर्ट पुन्हा.

प्रश्न : नव्या कर्नलमध्ये ‘मॉडप्रोब यूएसबीकोअर’ दिल्यावर काहीच बोलत नाही आणि ‘एलएसमॉड’मध्ये ते दिसतही नाही. /इटीसी/मॉडप्रोब.डीमध्ये मी त्याचा ‘ऑटोसस्पेंड’ (वापरात नसलेले यूएसबी यंत्र आपोआप निजवण्याचा) पर्याय लिहिला होता, तोही लागू होत नाही.
— विद्यार्थी, फर्मागुढी

उत्तर : ते मॉड्यूल या बिल्डमध्ये ‘वाय’ झाले आहे, म्हणजे कर्नलच्या पोटात आहे. ‘मॉडइन्फो यूएसबीकोअर’ दिले तर फाइलच्या नावाच्या जागी ‘बिल्टइन’ दिसेल. एलएसमॉड फक्त बाहेरून चढलेली मॉड्यूल दाखवतो, आणि आधीच आत असलेले पुन्हा मागितले की मॉडप्रोब गप्प राहून यश कळवतो. मॉडप्रोब.डीमधले पर्याय बाहेरून चढणाऱ्या मॉड्यूललाच लागतात. पोटातल्यासाठी पर्याय कर्नलच्या आदेशओळीत द्यायचा: /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडून ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणात ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ जोडा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या आणि रीबूट करा. लागू झाले की नाही ते ‘कॅट /सिस/मॉड्यूल/यूएसबीकोअर/पॅरामीटर्स/ऑटोसस्पेंड’ सांगेल. उत्तर -१ यायला हवे.